कंत्राटदार जोतीराव

जोतीराव फुल्यांची तसबीर आपण भिंतीवर लावली आणि या माणसाने पोट कसे भरले हे विचारायचे विसरलो. लिंकनने न्यू सालेमला दुकान काढले आणि ते बुडाले, हे अमेरिकन चरित्रकार आवर्जून सांगतात. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्यांच्याकडून निदान एवढे तरी घ्यायला हरकत नव्हती. आपल्याकडे महात्म्याच्या हिशेबवहीला हात लावणे कमीपणाचे वाटते. हा पांढरपेशी सोवळेपणा आहे.

मुलींना शिकवण्यापायी 1849 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले. दुसऱ्याच्या छपराखाली राहून बंड करता येत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा देवळाचे दार तर उघडले नाहीच, उलट अस्पृश्यांना रस्ते बंद झाले, शाळा बंद झाल्या, बाजारात मीठमिरची मिळेना. सनातन्यांनी धर्मशास्त्राच्या आधी पोटावर मारले.

जोतीरावांनी पोटाची सोय स्वतः केली. धातूच्या ओतकामाचे सामान विकले, मांजरीला शेती केली, 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'तून बांधकामाची कंत्राटे घेतली, पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला माल पुरवला. दगड कोण फोडतो आणि पैसा कोठे मुरतो, हे कंत्राटदाराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कालव्याच्या पाण्यावरून इंजिनिअर लोकांची जी झडती घेतली आहे, तिच्यात हा अनुभव बोलतो. तो ग्रंथ निव्वळ करुणेतून निघालेला नाही.

1876 ते 1882 ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हेत, सरकारने नेमलेले. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचा होता. त्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचे ठरले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे म्हणून जोतीरावांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. सरकारी कामावर ज्याची कमाई, सरकारच्या मर्जीवर ज्याची खुर्ची, त्याने हे केले, हे ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी दारूची दुकाने वाढवण्यालाही त्यांनी हरकत घेतली. मोठा खर्च करून मंडई बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. मंडई झालीच. पुढे तिला त्यांचेच नाव दिले गेले. विरोधकाला पचवण्याची आपल्या समाजाची ही जुनी रीत.

त्यांचा धंदा हे आदर्श अर्थकारण होते, असे म्हणायचे नाही. कंत्राटदार आणि मजूर यांच्यातले अंतर त्यांच्याही कामावर असणारच. पण मिळवलेला पैसा त्यांनी गाठीला बांधला नाही. 1888 मध्ये पक्षाघाताने उजवे अंग निकामी झाले, तेव्हा घरात ओढगस्तच होती. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी डाव्या हाताने लिहिले. ते छापून निघाले 1891 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.