महाडचा सत्याग्रह आणि नशिबाची भाषा

चवदार तळ्याला वंदन करून परतणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हटकून येते : ‘आपले नशीब थोर, म्हणून बाबासाहेब लाभले.’ या उद्गारातील कृतज्ञता आम्हांस मान्य आहे. कारणमीमांसा मान्य नाही.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तथागतांनी तीन मतांचे खंडन केले आहे. सुखदुःख केवळ पूर्वकर्माने ठरते, ईश्वरेच्छेने ठरते अथवा हेतूवाचून घडते, ही ती मते होत. तिन्हींचा शेवट अक्रियेत होतो, हा तथागतांचा मुख्य आक्षेप. लोक ज्याला नशीब म्हणतात, ते या तिन्हींपैकी एखाद्या मतातच सामावते.

आता महाडचा इतिहास पाहू. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. संधी तेव्हाच दारी आली होती. परंतु सनातन्यांच्या विरोधापुढे तो ठराव १९२७ पर्यंत कागदावरच राहिला. नुसत्या योगायोगाने पाण्याची ओंजळ भरत नाही.

ती भरली तयारीने. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकातच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलून येथील मन जागे केले होते. पुढे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे प्रभृतींनी १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेची सिद्धता केली. परिषदेसाठी पाणीसुद्धा चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले.

त्याहून मोठी तयारी मनाची होती. पाणी प्राशन केल्यावर प्रतिनिधींवर हल्ला झाला. प्रतिकाराचे बळ असूनही, बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या लोकांनी हात आवरला. डिसेंबरात न्यायालयाचा मनाईहुकूम आला, तेव्हाही तळ्यावर न जाता त्यांनी न्यायालयीन लढा पत्करला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला. दहा वर्षांच्या या चिकाटीला नशीब म्हणणे म्हणजे त्या माणसांचे श्रम पुसणे होय.

नक्खत्त जातकात शुभ नक्षत्राची वाट पाहणाऱ्या वरपक्षाची गोष्ट आहे. ते थांबले, इकडे वधूचा विवाह दुसऱ्याशी झाला. परीक्षेपूर्वी वा नोकरीसाठी मुहूर्त पाहणाऱ्या आपल्या घरांनी ही कथा आठवावी. बाबासाहेब लाभले, हे खरे. परंतु त्यांच्यामागे चालण्यास सज्ज असलेली माणसे महाडने घडविली होती. अप्रमाद तो हाच.