खांब तेच, दारे वेगळी

मुंबई-आग्रा रस्ता नाशिकमधून जातो. त्याच रस्त्याने चांदवडला गेले की होळकरांचा रंगमहाल लागतो. पुढे मालेगाव, धुळे ओलांडून हा रस्ता इंदूरला पोचतो. तेथे खान नदीच्या काठी होळकरांचाच लालबाग राजवाडा उभा आहे. घराणे एकच, पण दोन वास्तूंची भाषा अगदी वेगळी. ती का बदलली, हे पाहणे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राजवाड्यांवर लिहिणारे बहुधा त्यांच्या सौंदर्यापाशी थांबतात. ती वास्तू कोणासाठी उभी राहिली, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

रंगमहाल अठराव्या शतकातला, अहिल्याबाईंच्या काळाशी जोडलेला. भक्कम भिंती, आत चौक, कोरीव लाकडी खांब, भिंतींवर चित्रे. तो आत वळलेला वाडा आहे. लालबाग बाहेर पाहतो. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १८८६ साली त्याचे काम सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १९२१ साली ते पुरे झाले. त्याचे लोखंडी दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजांच्या नमुन्यावर घडवून इंग्लंडहून आणले. आत इटालियन संगमरवर, झुंबरे, रंगीत काचा, छतावर उडत्या पऱ्या आणि ग्रीक पुराणातील प्रसंग. नाचघराची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसविली आहे, असे सांगतात. माळव्याच्या काळ्या मातीवर ग्रीक देव उतरले ते असे.

ही शैली आली कोठून? अठराव्या शतकात इटलीत हर्क्युलेनियम आणि पोंपेई ही गाडली गेलेली नगरे उकरली जाऊ लागली, आणि युरोपला ग्रीक-रोमन वास्तूंचे नवे वेड लागले. अमेरिकेच्या नव्या प्रजासत्ताकाने आपले संसदभवन याच शैलीत बांधले. तिथे त्या खांबांनी नागरिकाच्या सत्तेचा दावा केला. इंग्रज सरदारांनी त्याच खांबांनी आपल्या हवेल्या सजविल्या. आपल्या संस्थानिकांनी घेतला तो हा दुसरा अर्थ.

त्याला कारण होते. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने त्यांचे राजकीय स्वातंत्र्य संपले. मध्य भारताचा कारभार पाहणारा इंग्रजांचा एजंट इंदुरातच येऊन बसला. लढाई उरली नाही, परराष्ट्र धोरण उरले नाही. उरला तो दिमाख. ज्या घराण्याचा मूळपुरुष मेंढपाळाच्या घरातून उठून स्वतःच्या मनगटावर माळव्याचा सुभेदार झाला, त्याच्या वारसांना आपली प्रतिष्ठा परक्याच्या आरशात पाहावी लागली. यात कोणा घराण्याची निंदा नाही. पराभूत सत्ता जेत्याचा पोशाख कसा चढविते, याचा हा दाखला आहे.

याच तहामुळे महूला इंग्रजांची छावणी पडली. लालबागचे काम चालू असतानाच, १४ एप्रिल १८९१ रोजी, तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या त्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी बाबासाहेबांचा जन्म झाला. एका तहाची ही दोन अपत्ये!

लालबागेत मला सर्वांत बोलकी वाटली ती त्याच्या स्वयंपाकघराची जागा. ते नदीच्या पलीकडच्या काठावर बांधले, आणि तेथून राजवाड्यात अन्न येण्यासाठी भुयारी वाट काढली. आपल्या जुन्या वाड्यांत स्वयंपाकघर सोवळ्यासाठी आड असे. इंग्रजी हवेलीत ते धुराचा वास आणि नोकराचे तोंड दिसू नये म्हणून दूर असे. एकीकडे विटाळ, दुसरीकडे अभिरुची. पण राबणारा माणूस दोन्हीकडे नजरेआडच.

माझी आई बांधकामावर घमेली वाहत असे. आम्ही राजवाडा पाहत होतो तेव्हा दाखविणाऱ्या माणसाने वास्तुविशारद बर्नार्ड ट्रिग्ज यांचे नाव सांगितले. चुना कोणी मळला, दगड कोणी चढविला, हे तो बोलला नाही. आई छताकडे पाहत एवढेच म्हणाली, “एवढ्या उंच परात बांधताना कितीजण पडले असतील रे?” कलेच्या इतिहासात मला हा प्रश्न वाचायला मिळाला नव्हता.

मग हे खांब आपले शत्रू मानायचे का? नाही. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील लो ग्रंथालयाच्या दर्शनी बाजूसही ग्रीक धर्तीचे भव्य खांबच आहेत. शैली तीच, पण त्या खांबांमागे पुस्तके होती आणि महूच्या मुलाला आत प्रवेश होता. २ मार्च १९३० रोजी आमच्या नाशकात काळारामाचे दार मात्र बंद झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बाबासाहेबांनी दादरला घर बांधले, ते आपल्या ग्रंथांसाठी. नाव ठेवले ‘राजगृह’. मगधाच्या प्राचीन राजधानीचे, बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेल्या नगरीचे नाव.

होळकरांचे संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. आज तिकीट काढून कोणीही लालबाग पाहू शकतो. आपल्या विद्यार्थ्यांनी तो जरूर पाहावा. पण छत पाहून झाल्यावर नदीपलीकडचे स्वयंपाकघरही विचारावे. वास्तूचे मोल तिच्या खांबांवरून ठरत नाही; तिचे दार कोणासाठी उघडते, यावरून ठरते.