शिष्यवृत्तीची मुदत

परदेशी शिष्यवृत्तीचा इतिहास दात्याच्या औदार्याने सांगितला जातो. मला तो मुदतीने सांगावासा वाटतो. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, बदल्यात १० वर्षांची नोकरी. कोलंबियातला अभ्यास त्यावर झाला; पण मुदत सरली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. बडोद्याच्या महाराज सयाजीरावांविना दारच उघडले नसते, हा आक्षेप खराच. तरी १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठताना सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगाराची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेनांचे कर्ज जोडावे लागले. आज शाहूंच्याच नावाच्या राज्याच्या परदेशी शिष्यवृत्ती योजनेसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले-पारनेरचा अनुसूचित जातीचा विद्यार्थी पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करतो.