बुलेटचं माहेर

जुनी मोटरसायकल परदेशात विकत घ्यायची आणि घरी आणायची, असं कुणी म्हणालं की आपल्यासारख्यांना एक जास्तीचा प्रश्न पडतो. घर म्हणजे कुठलं? लेस्टरमध्ये स्थायिक झालेला मराठी माणूस वडिलांची बुलेट कोल्हापुरातून बोटीने मागवतो, तेव्हा त्याच्या लेखी ती घरी येते की घर सोडून येते? तुमच्यापैकी ज्यांच्या गावाकडच्या पडवीत ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी अजून उभी आहे, त्यांच्या मनात हा विचार एकदा तरी येऊन गेला असेल.

कस्टम्सचा अधिकारी हाच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारतो. ही गाडी कुठे बनली, कधी बनली, आणि आज आहे तशीच तेव्हा होती का? बुलेटच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरं सरळ नाहीत. ती का नाहीत हे समजून घ्यायचं, तर जरा मागे जावं लागतं.

सुयांच्या गावात

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच नावाचं गाव आहे. एकेकाळी हे गाव सुयांसाठी जगप्रसिद्ध होतं. तिथल्या हंट एंड भागात जॉर्ज टाउनसेंड यांचा सुयांचा कारखाना होता. पुढे त्यात सायकली बनू लागल्या. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला या कारखान्याला मिडलसेक्समधल्या एनफिल्ड इथल्या सरकारी शस्त्रकारखान्याकडून बंदुकीच्या सुट्या भागांचं काम मिळालं. त्या मानाचा उपयोग करून सायकलींना 'एनफिल्ड' आणि लगेच पुढे 'रॉयल एनफिल्ड' असं नाव दिलं गेलं. 'बंदुकीसारखी घडवलेली' हे ब्रीदवाक्य आणि तोफेचं चिन्ह तिथूनच आलं.

एनफिल्ड हे नाव आपल्या इतिहासात याआधीच येऊन गेलेलं आहे. १८५७ साली ज्या रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून असंतोष पेटला, ती एनफिल्ड रायफलच. त्याच गावाचं नाव पुढे शंभर वर्षांनी आपल्या सैन्याच्या आणि पोलिसांच्या मोटरसायकलवर आलं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. नावं अशीच प्रवास करतात.

पहिली रॉयल एनफिल्ड मोटरसायकल १९०१ सालची. 'बुलेट' हे नाव १९३२ मध्ये आलं. पण आपण जिला बुलेट म्हणतो ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४८ मध्ये तिचे नमुने स्पर्धांमध्ये धावले आणि १९४९ पासून ती विक्रीला आली. ३५० सीसीचं एकच उभं सिलिंडर आणि मागच्या चाकाला झुलता आधार, म्हणजे स्विंगिंग आर्म. त्या काळच्या बहुतेक मोटरसायकलींचं मागचं चाक फ्रेमला घट्ट जखडलेलं असे आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट पाठीच्या कण्यात जाई. खराब रस्त्यांवर चालणारी गाडी शोधणाऱ्यांना ही नवी सोय महत्त्वाची वाटली, यात नवल नाही.

आयात गाडीची नव्हे, कारखान्याची

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी मोटरसायकली हव्या होत्या. निवड बुलेटची झाली आणि काही शे गाड्यांची मागणी मद्रास मोटर्स या विक्रेत्यामार्फत रेडिचला गेली. साध्या काळात गोष्ट इथेच संपली असती. गाड्या आल्या, वापरल्या, मोडल्या, नव्या मागवल्या.

पण तो साधा काळ नव्हता. परकीय चलन मोजून मापून खर्च करायचं होतं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. टप्प्याटप्प्याने सगळं देशात बनवण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनीच राहावं. त्याचा परिणाम मुंबईनेही पाहिला. शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये आपलं काम बंद केलं.

मद्रासने दुसरा रस्ता धरला. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफिल्ड इंडिया ही कंपनी काढली. तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी रेडिचहून येणारे भाग जोडणं, मग एकेक भाग इथे बनवणं, असं करत १९६२ च्या सुमारास संपूर्ण बुलेट भारतात बनू लागली.

ही पद्धत एकट्या बुलेटची नव्हती. झेकोस्लोव्हाकियाची जावा आधी मुंबईत आयात होत असे. ती आणणाऱ्या इराणी कुटुंबाने पुढे म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. जावाचीच पुढे येझदी झाली, आणि ते नाव इराणमधल्या याझ्द शहरावरून आलं. पुण्यात आकुर्डीला बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवल्या. मिलानच्या लॅम्ब्रेटाची तर यंत्रसामग्रीच १९७२ मध्ये सरकारने विकत घेतली आणि लखनौला स्कूटर्स इंडिया सुरू केली. त्या पिढीने गाड्या आयात केल्या त्यापेक्षा कारखाने आयात केले, असं म्हटलं तरी चालेल.

माहेर मोडलं, लेक नांदत राहिली

इकडे मद्रासमध्ये बुलेट रुजत असताना तिकडे रेडिचमध्ये तिचे दिवस भरले होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये तिचं उत्पादन थांबलं. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हॉन इथे मोठ्या दोन सिलिंडरच्या गाड्या बनत होत्या, तेही काम १९७० मध्ये संपलं. माहेरचं घरच राहिलं नाही.

मद्रासची बुलेट मात्र जवळजवळ १९५५ च्याच रूपात चालत राहिली. नवं मॉडेल काढायला ना चलन होतं, ना स्पर्धा. फौजदार, लष्करातला जवान, गावचा पाटील, शहरातला दूधवाला, सगळ्यांना तीच गाडी. तिचा ॲमीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून किक मारायची कला मुलगे वडिलांकडून शिकले. ज्याला आपण मागासलेपण म्हणत होतो, त्याने नकळत एक काम केलं. इंग्लंडमध्ये जी वस्तू संग्रहालयात गेली होती, ती भारतात रोज सकाळी कामावर जात होती.

आणि १९७७ मध्ये चक्र फिरलं. एनफिल्ड इंडियाने इंग्लंडला बुलेट निर्यात करायला सुरुवात केली. तरुणपणी रेडिचची बुलेट चालवलेल्या इंग्रजाला तशीच गाडी पुन्हा कोरी करकरीत मिळू लागली, फक्त टाकीवरचं नाव थोडं वेगळं. १९९०च्या दशकात आयशर समूहाने कंपनी ताब्यात घेतली आणि तिचं नाव पुन्हा रॉयल एनफिल्ड झालं. २०१७ मध्ये तर या भारतीय कंपनीने लेस्टरशायरमध्ये ब्रंटिंगथॉर्प इथे आपलं तंत्रकेंद्र उघडलं. लेकीने माहेरच्या अंगणात घर बांधलं, असंच म्हणायचं.

मग कागदावर काय लिहायचं?

आता तुमच्या पडवीतल्या गाडीकडे येऊ. वरचा इतिहास नुसता रंजक नाही. प्रत्येक देशाच्या फॉर्मवर तो तुम्हाला पुन्हा भेटतो.

तुम्ही ब्रिटनमध्ये असाल, तर गाडी आल्यापासून १४ दिवसांच्या आत कर खात्याला 'नोव्हा' ही सूचना द्यावी लागते. त्याशिवाय नोंदणी होत नाही. संग्राह्य वस्तू म्हणून मान्यता मिळाली, तर आयात शुल्क लागत नाही आणि व्हॅट २० ऐवजी ५ टक्के पडतो. त्यासाठी गाडी किमान ३० वर्षं जुनी, मूळ स्थितीतली आणि आता उत्पादनात नसलेल्या प्रकारची असावी लागते. इथे बुलेटचा इतिहास आडवा येतो, कारण बुलेट या नावाची गाडी आजही बनते! जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाचा प्रकार वेगळा होता आणि तो बंद झाला, हे कागदपत्रांसह तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. गाडी ४० वर्षांची झाली की तिला रस्ताकर आणि वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते. म्हणजे तारखेला थेट पैशांचं मोल आहे.

अमेरिकेत असाल, तर दोन आकडे लक्षात ठेवा. २५ वर्षांवरच्या गाडीला संघराज्याची सुरक्षा मानकं लागू होत नाहीत आणि २१ वर्षांवरच्या, मूळ स्थितीतल्या गाडीला धुराच्या नियमांतून सूट मिळते. पण आत येणं वेगळं आणि रस्त्यावर येणं वेगळं. नोंदणी तुमच्या राज्याच्या हातात. गाडी बोटीत चढवण्याआधी खालून स्वच्छ धुऊन घ्या. मडगार्डखाली साठलेली कोल्हापूरची माती आपल्याला कितीही प्रिय असली, तरी अमेरिकेच्या कृषी खात्याला ती चालत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, हेही विसरू नका. अमेरिकेने सप्टेंबर १९७४ पासून नव्या गाड्यांना गिअर डावीकडे सक्तीचा केला. तिथल्या सवयीचा पाय ऐन वेळी ब्रेक समजून गिअर दाबतो.

उलट दिशेने, म्हणजे परदेशात मिळालेली जुनी गाडी भारतात न्यायची, तर दार फारच अरुंद आहे. सर्वसाधारण नियमाने ३ वर्षांपेक्षा जुनं वापरलेलं वाहन भारतात येऊ शकत नाही. अतिशय जुन्या, संग्राह्य गाड्यांसाठी वेगळी वाट आहे आणि तिच्या अटी वेळोवेळी बदलत आल्या आहेत. ५० वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये 'व्हीए' ही वेगळी नंबर मालिका आली. तिची पहिली नोंदणी २०,००० रुपयांची, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही.

खरी किंमत आरसी बुकाची

या सगळ्यात जी चीज सर्वांत आधी हरवते, ती म्हणजे आरसी बुक. भारतात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. वडील गेले, गाडी तशीच उभी राहिली, नूतनीकरण झालं नाही, नाव बदललं नाही. अशी गाडी कागदोपत्री अधांतरी राहते. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ असतो. तो भरण्यासाठी लागणारी माणसं आणि त्यांच्या सह्या जितक्या लवकर गोळा होतील तितकं बरं. भावंडांची संमती आज एका दुपारी मिळते. वीस वर्षांनी ती पुतण्यांकडून मागावी लागते.

विकत घेणार असाल, तर आणखी सावध राहा. भारतात बनलेल्या गाडीवर रेडिचची चिन्हं लावून ती '१९५५ ची इंग्लिश' म्हणून विकणं अवघड नाही, कारण दोघी बहिणी नव्हेत तर एकाच साच्यातल्या. टाकीवरच्या नक्षीवर जाऊ नका. फ्रेमच्या डोक्यावरचा आणि इंजिनच्या केसवरचा नंबर पाहा, अंक घासून पुन्हा ठोकलेले नाहीत ना ते बोटाने चाचपून पाहा आणि दोन्ही नंबर आरसीशी जुळवा. ब्रिटनमधल्या मालकसंघांकडे जुन्या नोंदी असतात आणि गाडीच्या वयाचा दाखला तिथून मिळू शकतो.

मद्रासमध्ये बनलेली बुलेट इंग्लिश नाही म्हणून कमी अस्सल, असं समजण्याचं मात्र कारण नाही. रेडिचने तिला थोडीच वर्षं घडवलं, तिरुवोट्टियूरने कित्येक दशकं. तिची नाळ एका गावात आणि हयात दुसऱ्या गावात गेली, म्हणून तिला कुणी उपरी म्हणत नाही. फॉर्मवर उत्पादनाच्या देशाचा रकाना येईल, तेव्हा 'भारत' असं स्वच्छ अक्षरात लिहा. आणि त्याआधी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा, ताडपत्री उचलण्यापूर्वी कपाटातलं आरसी बुक शोधा.