गारव्याची वाट : पाणी महालापासून घरच्या टबापर्यंत



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ज्या जिल्ह्यात उन्हाळा आला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते, तेथे पाणी थंड करण्याच्या यंत्राची कथा सांगायची, म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नाची कृती ऐकवण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. पण थंडगार पाण्याच्या टबात बसण्याची आवड आता खेळाडूंपासून सामान्य गृहस्थांपर्यंत येऊन पोहोचली आहे. दुकानदार ‘चिलर’ नावाची पेटी पुढे ठेवतो, अश्वशक्तीचे आकडे सांगतो, आणि आपण मान डोलावतो. ती पेटी घ्यावी की न घ्यावी, घेतली तर केवढी घ्यावी आणि कोठे बसवावी, या प्रश्नांची निम्मी उत्तरे इतिहासातच आहेत, एवढे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आरंभ घरापासूनच करू. तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू पायऱ्या उतरू लागला की त्याला प्रथम कल्लोळ तीर्थ लागते आणि गोमुखाची धार लागते. एकशे आठ तीर्थे येथे एकत्र आली, ही श्रद्धेची गोष्ट झाली. पण त्या पाण्याचा पहिला स्पर्श झाला की अंगावर शहारा येतो, श्वास क्षणभर अडतो आणि वाटेचा शीण जातो, हा अनुभव मात्र सर्वांचा आहे. तेथे यंत्र कसले? पाणी जमिनीतून येते, दगडाच्या सावलीत राहते, एवढेच. जमिनीच्या पोटात काही हात खोल गेले की वर मे असो वा डिसेंबर, उष्णतामान फारसे हलत नाही. वर्षभराच्या हवेची जी सरासरी, तीच तेथे नांदते. आपल्या पठारावर ती पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास पडते. म्हणून विहिरीचे पाणी उन्हाळ्यात थंड लागते आणि थंडीत कोमट. पाणी तेच असते. पालटते ती आपल्या अंगाची गरज.

दुसरे ठिकाण नळदुर्गचे. बोरी नदीला बांध घालून दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बांधाच्या पोटातच महाल उभारला गेला. पाऊस चांगला झालेल्या वर्षी नर आणि मादी या दोन वाटांनी पाणी कोसळू लागले की तो पाहायला आजही माणसांची रीघ लागते. कर्नल मेडोज टेलर १८५३ पासून चार वर्षे नळदुर्गचा कारभार पाहत होता आणि त्याचे बिऱ्हाड याच किल्ल्यात होते. आपण त्या महालात उभे राहतो तेव्हा अंगाला गारवा का वाटतो? एक तर दगडाची भिंत जाड, आणि दुसरे म्हणजे पलीकडून वाहणारे पाणी आतली उष्णता सतत उचलून घेऊन जाते. येथेच आजच्या विषयाचे मूळ सूत्र सापडते. गारवा कोणी निर्माण करीत नाही. उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेली जाते. नळदुर्गला हे काम नदी करीत होती. घरच्या टबाशेजारी नदी नसते, म्हणून तेथे यंत्र लागते.

पण नदी आणि यंत्र यांच्यामध्ये माणसाने पुष्कळ युक्त्या केल्या. त्यांतली सर्वांत जुनी आपल्या ओसरीवरचा माठ. पाणी झिरपते, वाऱ्याने उडून जाते, आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून माठ येथे उत्तम चालतो. कोकणात तो इतका चालत नाही. तरी त्यालाही सीमा आहे. हवा चाळीस अंश आणि आर्द्रता शेकडा वीस असली, तर माठाने कितीही शिकस्त केली तरी बावीस-तेवीस अंशांच्या खाली त्याला जाता येत नाही. अकबराच्या दरबारात ही सीमा सोऱ्याने ओलांडली. एक शेर पाण्याची सुरई, अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाणी यांच्या मिश्रणात पाव तास हलवायची, असे प्रमाणच अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवून ठेवले आहे. पण सोरा म्हणजे तोफेची दारू! एका सुरईसाठी ती चैन बादशहाला परवडली. त्यात कोणी स्नान करीत नव्हते.

मग आला बर्फ, आणि तो आला चक्क अमेरिकेहून. १८३३ च्या मे महिन्यात बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शाबूत होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून हा बर्फ टिकला कशाने? भोवतीच्या जाड आवरणाने! उष्णतेला आत शिरू न देणे हीच निम्मी लढाई, हा धडा त्या जहाजाने शिकवला. टब घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाने तो पहिल्याने गिरवावा. पातळ पत्र्याचा उघडा टब घ्यायचा आणि त्याला मोठे यंत्र जोडायचे, म्हणजे फुटक्या रांजणाला मोठी मोट लावण्यासारखे आहे. चांगली जाड पाठ असलेला, घट्ट झाकणाचा टब आधी, यंत्र मागाहून.

यंत्राची कल्पनाही त्याच सुमाराची. १८३४ मध्ये जेकब पर्किन्सने लंडनमध्ये असे पेटंट घेतले की, लवकर उडणारा द्रव उडवून त्याने उष्णता शोषून घ्यावी, ती वाफ दाबून पुन्हा द्रव करावी, आणि हे चक्र अखंड चालावे. माठात जे पाणी उडून कायमचे जाते, तेच येथे बंद नळीत अडकवून पुन्हा पुन्हा कामाला लावले. १९२२ मध्ये विलिस कॅरियरने मोठ्या इमारतींसाठी पाणी थंड करणारे यंत्र दाखवले आणि ‘चिलर’ हा शब्द रूढ होण्याची वाट मोकळी झाली. तरी बर्फाची आठवण यंत्राला अद्याप चिकटून आहे. ‘एक टनाचे यंत्र’ म्हणजे दिवसभरात एक अमेरिकन टन बर्फ वितळवण्याइतकी उष्णता उचलणारे यंत्र. हिशेबाने तासाला ३,०२४ किलोकॅलरी.

आता घरचा हिशेब मांडू. टबात ४०० लिटर पाणी, उष्णतामान ३० अंश, आणते आहे १२ अंशांवर. म्हणजे १८ अंश गुणिले ४००, एकूण ७,२०० किलोकॅलरी. एक टनाचे यंत्र हे काम अडीच-तीन तासांत करील, अर्ध्या टनाचे पाच-सहा तासांत. बर्फाने करायचे तर दर वेळी सुमारे ७८ किलो बर्फ लागेल, आणि तितकेच पाणी टबात वाढेल. ज्याला महिन्यातून एकदा बसायचे त्याने बर्फ आणावा. ज्याला रोज बसायचे त्याने यंत्राचा विचार करावा. रात्रभर सावकाश थंड करायला हरकत नसेल, तर मोठ्या यंत्राचे कारण नाही.

जागेविषयी नळदुर्गचे सूत्र विसरू नये. यंत्र पाण्यातली उष्णता उचलते ती बाहेर टाकण्यासाठी. ते कोंदट न्हाणीघरात ठेवले तर स्वतःच टाकलेली ऊब पुन्हा गिळत बसेल. उत्तरेची किंवा पूर्वेची सावली, भिंतीपासून हातभर मोकळी जागा आणि रात्री-पहाटे चालवण्याची सवय, एवढ्याने वीज वाचते. नळ्या आखूड व गुंडाळलेल्या असाव्यात. गाळणी यंत्राच्या आधी असावी. पंप सुरू होऊन पाणी वाहू लागल्यावरच यंत्र चालावे, नाही तर आतले पाणी गोठून नळी फुटते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आत थर बसतो, तो अधूनमधून काढावा लागतो. क्लोरीन घालणार असाल तर आतली नळी टायटॅनियमची पाहून घ्यावी. अर्थिंग पक्के असावे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे बटण असावे. ओल्या अंगाला विजेची थट्टा चालत नाही. गच्चीवर ठेवणार असाल तर ४०० लिटर म्हणजे ४०० किलो, शिवाय टब आणि माणूस, हे ओझे इंजिनियरला विचारल्यावाचून चढवू नये.

आणि शरीराचे काय? थंड पाण्याने रोग जातात हा विश्वासही आपल्याकडे जुनाच. लाइपझिगच्या लुई कूनेचे कटिस्नान गांधीजींनी आयुष्यभर मानले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’त जलोपचार आहेत, आणि १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम त्यांच्याच प्रेरणेने उभा राहिला. आजचे शास्त्र त्याहून जपून बोलते. व्यायामानंतरचे अंग दुखणे थंड पाण्याने कमी होते; पण बळ वाढवण्याच्या मेहनतीनंतर लगेच रोज बसले तर स्नायूंची वाढ मंदावू शकते. तालमीतल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. पहिल्या मिनिटात श्वास उसळतो आणि रक्तदाब चढतो. म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये, कोणीही एकट्याने बसू नये, आणि आरंभ वीस अंशांनी, दोन मिनिटांनी करावा.

शेवटी जे टाळता येत नाही ते बोलतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या त्या शहराला पाणी पोहोचले ते आपल्या स्टेशनावरून. ते ज्यांना आठवते त्यांना ४०० लिटरचा टब भरताना थोडे अवघडायला होणारच, आणि तसे व्हावेही. पण यंत्राचा एक गुण येथे कामी येतो : ते पाणी खर्च करीत नाही, तेच पाणी पुन्हा थंड करते. आधी अंग धुऊन टबात उतरले, गाळणी व झाकण सांभाळले, तर एकदा भरलेले पाणी पुष्कळ दिवस टिकते. आणि बदलायच्या चार दिवस आधी क्लोरीन बंद केले तर ते पुढे झाडांना घालता येते. रोज बादल्यांनी ओतून देण्यापेक्षा हे बरे.

याहूनही बरे एक आहे. कल्लोळ एकट्याचा नाही. पायऱ्या उतरून येणाऱ्या प्रत्येकाला तो सारखाच गारवा देतो. गल्लीतल्या दहा घरांनी दहा टब भरण्यापेक्षा तालमीने एक भरला, आणि त्याच्याजवळ एक जाणता माणूस नेमला, तर पाणी वाचेल, वीज वाचेल आणि कोणी एकट्याने बुडायचेही टळेल. यंत्र नवे असले तरी ही रीत या मातीत जुनीच आहे. विकत घेण्याआधी तेवढा विचार आपण करावा, अशी विनंती करून आपली रजा घेतो.