रेल्वे तिकिटांची ऑनलाइन विक्री आणि विनंत्यांचे मोजमाप : धाराशिवच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

रेल्वे तिकिटांच्या ऑनलाइन विक्रीत येणाऱ्या विनंत्यांचे मोजमाप कसकसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज मार्ग येडशीवरून जात असे. धाराशिव शहर ब्रॉडगेजच्या कामानंतरच, 2007-08 च्या सुमारास, लोहमार्गावर आले. आयआरसीटीसीची इंटरनेटवरील तिकीटविक्री मात्र 3 ऑगस्ट 2002 रोजीच सुरू झाली होती. म्हणजे या शहराला गाडीआधी संकेतस्थळ मिळाले!

13 ऑगस्ट 2014 रोजी नवी प्रणाली कार्यान्वित झाली. मिनिटाला 2,000 ऐवजी 7,200 तिकिटे, ही तिची जाहीर क्षमता होती. विनंती कोणाकडून आली, हा प्रश्न या मापात नव्हता; तत्काळ आरक्षणात तर तोच निर्णायक ठरतो. पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न स्वयंचलित प्रणालींचे असत, असे रेल्वेनेच जून 2025 मध्ये सांगितले. अशा विनंत्या गाळणारी यंत्रणा आल्यानंतर 22 मे 2025 रोजी सकाळी 10 वाजता एका मिनिटात 31,814 तिकिटे निघाली. सुमारे अडीच कोटी संशयित खाती बंद झाली. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार प्रमाणीकरण सक्तीचे झाले.

तथापि 31,814 हा यशस्वी विक्रीचा आकडा आहे. मुंबईस उपचारासाठी निघालेल्या धाराशिवच्या रुग्णाची विनंती किती सेकंद ताटकळली, की जागा संपल्याने परत फिरली, हे त्यातून कळत नाही. फेटाळलेल्या विनंत्यांची स्थानकनिहाय नोंद प्रसिद्ध झाल्यासच ते तपासता येईल.