झरीच्या आकाशातील दीर्घिकांचे छायाचित्रण
परभणी जिल्ह्यातील झरी हे गाव सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. घरच्या दुर्बिणीने दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे घेणाऱ्यास येथे पहिली अडचण येते ती ध्रुवताऱ्याची. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखून ती ताऱ्यांमागे फिरवावी लागते. ध्रुव जेमतेम १९ अंश उंचीवर असल्याने शेजारचे कडुलिंबाचे झाडही त्यास झाकते. अशा वेळी अंगणापेक्षा उत्तरेस मोकळी असलेली गच्ची बरी.

लाभ दक्षिणेकडे आहे. नरतुरंग समूहातील एनजीसी ५१२८ ही सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास असलेली दीर्घिका मेच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास २८ अंश उंची गाठते; लंडनमध्ये ती कधीच उगवत नाही. मात्र मराठवाड्यातील मेच्या उष्म्याने कॅमेऱ्याच्या चित्रात खोटे ठिपके वाढतात.

नवशिक्याने देवयानी दीर्घिकेपासून आरंभ करावा. आश्विन अमावास्या दिवाळीच्या धुरात जाते. कार्तिकातील अधिक सोयीची. २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही देवयानीची लांबी आकाशात सहा पूर्णचंद्रांएवढी भरते, म्हणून तिला २०० मिलिमीटरचे भिंगही पुरते. मिनिटभराची शंभर छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढल्यास दाणेदारपणा सुमारे दहापट घटतो.

गल्लीतील उघड्या दिव्याच्या उजेडात मात्र दीर्घिकेच्या फिकट कडा बुडतात. तोच दिवा झाकण लावून खाली वळविल्यास रस्ता उजळलेला राहतो आणि आकाशही काळे राहते.